हिवरदरीची हरवलेली नाली

१

धरणावरून काय काय चोरीला जातं ते मला विचारा. उतरणीवर रचलेले पिचिंगचे दगड जातात, गेटची चाकं जातात, माथ्यावरचा दिवा तर लावल्या लावल्या जातो. पण धरणाच्या पायथ्यातून बाहेर निघणारी, माणूस आत उभा राहील एवढी दगडी नाली अख्खीच्या अख्खी गायब झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मॅडम, इथंच कुठंतरी असायला पाहिजे," अंकुर म्हणाला.

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

"म्हणजे... ह्या साइडला."

ही साइड चांगली दोन शेतांएवढी लांब होती. मी कपाळावर हात मारला. अंकुर देशट्टीवार हा हिवरदरी धरणाचा शाखा अभियंता. वणीचा पोरगा, हुशार, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि दीड वर्षापासून हे धरण त्याच्याच ताब्यात. मी सत्यशीला मनवर, धरण तपासणी पथकातली उपअभियंता. गुडघे दुखतात, साखर वाढलेली आहे, आणि दसऱ्यानंतर दोन दिवस सुट्टी मिळेल म्हणून राजूरला माहेरी निघाले होते. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. "हिवरदरीच्या उतरणीवर ओल दिसतेय म्हणतात. जरा बघून या. काही नसेल."

काही नसेल म्हणे. धरणाच्या खालच्या उतरणीवर, अगदी मध्यावर, सतरंजीएवढा हिरवागार पट्टा पसरला होता. मी त्यावर पाय ठेवला तर टाच आत गेली आणि टाचेच्या खळग्यात पाणी भरलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीचं धरण पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझरलेलं पाणी गुपचूप बाहेर जावं म्हणून तर पायथ्याला नाली ठेवलेली असते. ती बंद झाली की पाणी धरणाच्या पोटातच चढत जातं, माती भिजून फुगते, आणि एक दिवस उतरण घसरते. मग वरचं तळं खाली येतं. खाली, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, तांडा होता. साठेक घरं. आणि तळं काठोकाठ भरलेलं.

कालव्याचं गेट उघडून पाणी कमी करावं म्हटलं, तर ते वीतभर उचललं आणि अडकलं. जुना नकाशा वाळवीनं खाल्लेला. चौकीदाराची जागा रिकामी.

"जेसीबी बोलावतो मॅडम, खोदून काढू," अंकुर म्हणाला.

"भरलेल्या धरणाचा पायथा अंदाजानं खोदणार? शिकवलं कोणी तुला?"

तो हळूच म्हणाला, "पण मॅडम, गळती शून्य आहे. मी दर आठवड्याला मोजतो."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बुटाच्या टोकानं पायथ्याची जमीन उकरत होते. वर वाळलेलं गवत, पत्रावळीचे तुकडे, कोणीतरी मांडलेले चुलीचे तीन काळे दगड. आणि त्याखाली माती नव्हती, लाल मुरूम होता. दाबून बसवलेला.

नाली आपोआप बुजली नव्हती. कोणीतरी ती बुजवली होती, आणि तोंड कुठं आहे ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

२

पहिला संशय कोणावर येणार? बबनरावांवर. पायथ्याला लागून त्यांचंच शेत. नालीचं पाणी वर्षानुवर्षं त्या शेतात मुरायचं, जमीन चिबडायची, आणि ते वर्षानुवर्षं आमच्या ऑफिसात येऊन भांडायचे. आता त्याच शेतात हरभरा उगवून आला होता. छान, एकसारखा.

बबनराव बांधावर सुपारी कातरत बसले होते.

"यंदा जमीन बरी वाळली काका," मी म्हणाले.

"हाव. देवाची कृपा."

"देवानं नाली बुजवली?"

त्यांनी अडकित्ता थांबवला. "मॅडम, मी वीस खेपा तुमच्या हाफिसात आलो. नाली वळवा म्हनलं, पाइप टाका म्हनलं. कोनं ऐकलं? आता पानी बंद झालं तं मलेच चोर म्हनून राह्यले?"

"पाणी बंद झालेलं दिसलं, तर सांगायचं नाही?"

"कायले सांगू? आजारी मानूस बरा झाला तं डॉक्टरले बोलावते का कोनी?"

मला असा संताप आला की त्यांची सुपारीच हातातून घ्यावीशी वाटली. पण रागानं नाली सापडत नाही. मी त्यांच्या शेतातली मूठभर माती उचलली. काळीभोर, चिकट. बबनरावांना नाली बुजवायची असती तर त्यांनी हीच माती लोटली असती, पायाशीच होती. लाल मुरूम या शिवारात एकाच ठिकाणी आहे, टेकडीपल्याडच्या खाणीत, आणि तिथून तो आणायला ट्रॅक्टर लागतो.

"तोंड कुठं होतं ते तरी सांगा."

"मले काय माहीत? ते तुमच्या तारेच्या कुंपनात होतं. बेशरमचं रान माजलेलं, आत साप. माह्या शेतात पानी यायचं तेवढं मले माहीत." मग ते पुढे वाकले. "त्या भीमराजले इचारा. तळं भरेल राह्यलं तं कोनाचं पोट भरते? त्याची तं मच्छी आहे. जलपूजनाच्या टायमाले लय मिरवून राह्यलता."

मी उठले. मागे अंकुर उभा होता, फोन कानाला लावून. मला पाहताच त्यानं फोन खिशात टाकला.

"कोण?"

"घरून होता मॅडम."

मी विचारलं नसतं तर बरं, असा त्याचा चेहरा होता. पण तेव्हा माझ्या डोक्यात मुरूम होता.

३

भीमराज मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. तळ्याच्या काठाला होडी उलटी टाकून तिला डांबर लावत होता. गडी मोठा बोलका.

"या मॅडम. चहा सांगू?"

"चहा नको. नाली कुठं आहे?"

"कोनती नाली?"

"भीमराज, माझं डोकं आधीच फिरलेलं आहे."

तो हसला. "माह्यावर काहून संशय? बबन्यानं सांगतलं असन."

"धरण गळतंय असं ठरलं तर आम्ही तळं अर्धं ठेवू. तुझी मच्छी मरेल. म्हणून गळती दिसू नये असं तुला वाटेल की नाही?"

"वाटन. नाई कायले म्हनू?" त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "पन मॅडम, धरण फुटलं तं मच्छी राह्यते का? मी दहावी नापास हाओ, येडा नाई."

हे उत्तर मला पटलं, आणि पटलं म्हणूनच मी जास्त चिडले. दोन्ही संशयितांकडे कारण होतं, आणि दोघांवरही बोट ठेवता येत नव्हतं.

"पोळ्यानंतर इथं कोणी ट्रॅक्टर आणला होता?"

"पोळ्यानंतर तं आमचं जलपूजन झालं नं. तळं भरलं म्हनून. मोठे सायेब आलते, पाहुणे आलते, पाण्यात नारळ सोडला, साडी-चोळी सोडली. पाचशे मानूस जेवलं. मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी. सायेब सवता पंगतीत बसले." त्याची छाती फुगली. "असा कारेक्रम आमच्या गावात कधी झाला नोता."

"मला जेवण नको, नाली पाहिजे."

"ते बबन्याले इचारा. त्याचंच शेत वाळलं."

तिकडून तो ह्याचं नाव सांगतो, इकडून हा त्याचं. मी परत वळले, तोच अंकुर धरणाच्या माथ्यावरून धावत आला. इस्त्रीच्या शर्टावर घामाचे डाग.

"मॅडम, वर या."

ओल्या पट्ट्याच्या वर, माथ्याच्या कडेनं, एक बारीक भेग पडली होती. सकाळी ती तिथं नव्हती. मी खिशातली किल्ली तिच्यात घातली, तर किल्ली पूर्ण आत गेली.

"तांडा खाली करायचा," मी म्हणाले. "आत्ता."

अंकुरचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, मोठ्या साहेबांना विचारून..."

"साहेब खाली राहतात का?"

४

लोक घर सोडत नाहीत. तुम्ही म्हणाल धरण फुटेल, ते म्हणतात शेळीचं काय. तुम्ही म्हणाल शाळेत चला, ते म्हणतात तिथं पंखा बंद आहे. तासभर घसा फोडल्यावर निम्मी माणसं कशीबशी गाठोडी घेऊन निघाली.

मानीबाई राठोड मात्र दारातच बसून राहिल्या. हातभर बांगड्या, तोंडात तंबाखू, आणि नजर अशी की मीच त्यांच्या घरी वसुलीला आले आहे.

"मावशी, उठा."

"कायले? तुमचं धरन आमच्यावर येऊन राह्यलं म्हनून? वीस वर्सं झाली इथं राह्यते मी. कधी कोनी आलं नाई का बाई तू कशी हाएस म्हनून."

"आज आले ना."

"उशिरा आलीस." त्यांनी घरामागे बोट दाखवलं. "ते पाह्य आधी."

घरामागे झेंडूचे वाफे होते. झाडं उभ्या उभ्या वाळली होती. दसऱ्याला विकायची फुलं झाडावरच काळी पडलेली.

"नालीचं पानी बबनरावच्या शेतातून इथं यायचं. तेच्यावर माही फुलं. ते बंद झालं. अर्ज केला तं तुमच्या त्या इस्त्रीवाल्या पोट्ट्यानं सांगतलं, धरन आता गळत नाई, आनंदाची गोष्ट हाए."

"पाणी कधी बंद झालं मावशी? जलपूजन झाल्यावर?"

"नाई, आंधी."

"आधी? नक्की?"

"तोरनाले माहीच फुलं नेली नं त्यायनं. मी फुलं तोडाले गेलते तवाच वाफ्यात पानी नोतं. मी म्हनलं बी, बाप्पा, तळं भरलं अन् माही नाली आटली, असं कसं."

मी त्यांच्या ओट्यावरच बसले. गुडघ्यांना एवढी चाल सोसवत नव्हती हे एक, आणि दुसरं म्हणजे सकाळपासून मी चुकीचा प्रश्न विचारत होते हे तेव्हा लक्षात आलं. मुरूम जलपूजनाच्या आधी पडला होता. म्हणजे जलपूजनाचा दिवस आला तेव्हा पायथ्याची जमीन कोरडी होती.

"मावशी, शाळेत चला. मला तुमची गरज आहे."

"मले उचलून ने मंग," त्या म्हणाल्या. पण उठल्या.

५

शाळेच्या वर्गात तांड्यातली माणसं, पोरं, दोन शेळ्या. बबनराव आणि भीमराजला मी बोलावून घेतलं होतं. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. अंकुर दाराशी उभा.

"मला एकच सांगा," मी म्हणाले. "जलपूजनाला तुम्ही जेवलात कुठं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईला भूक लागली असं वाटलं असेल.

"धरनावर," बबनराव म्हणाले.

"धरणाच्या माथ्यावर एक जीप जाते, दुसरी अडकते. तिथं पाचशेची पंगत कशी बसली?"

"वर नाई मॅडम," भीमराज म्हणाला. "वर नारळ सोडला. जेवन खाली, पायथ्याले. मंडप टाकलता."

"पायथ्याला तर नालीचा चिखल असायचा ना. गुडघाभर. साप होते. साहेब चिखलात मांडी घालून बसले?"

"नाई, मस्त मुरूम टाकेल होता नं. रोलर फिरवेल. चुन्याच्या रेघा मारेल."

वर्गात दोन-चार जणांनी माना हलवल्या. हो, हो, लय चांगला मुरूम होता.

"मी सकाळपासून विचारतेय नाली कोणी बुजवली," मी म्हणाले. "तुम्ही पाचशे माणसं त्या मुरमावर बसून बुंदी खाल्ली. एकालाही सांगता येत नव्हतं?"

"तुमी नालीचं इचारलं," बबनराव शांतपणे म्हणाले. "नाली तं कोनी बुजवली नाई. मंडपाले जागा केली."

आता ह्याला काय म्हणावं? त्यांची लबाडी नव्हती. कार्यक्रमासाठी जागा साफ करणं हे चांगलं काम, आणि चांगल्या कामात धरणाचा गळा कसा आवळला जाईल? पाण्याची पूजा करायला माणसं जमली आणि पाण्याच्याच वाटेवर मांडी घालून बसली. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

"मुरूम कोणी टाकला?"

"तुमच्याच लोकायनं," भीमराज म्हणाला. "खाण तुमच्या खात्याची."

मी दाराकडे वळले. "अंकुर, सकाळी तू म्हणालास, इथंच कुठंतरी असेल. तोंड तुला ठाऊक नाही."

"हो मॅडम. मी रुजू झालो तेव्हा झाडोराच होता..."

"आणि हेही म्हणालास की गळती दर आठवड्याला मोजतोस. गळती नालीच्या तोंडाशी मोजतात. दुसरीकडे मोजताच येत नाही. तर मग दीड वर्ष तू मोजायला उभा कुठं राहत होतास?"

एक शेळी ओरडली. मानीबाई म्हणाल्या, "सांग रे बाबा. माहं घर हाए खाली."

ते ऐकून पोराचा बांध फुटला. डोळ्यांतून पाणी.

"मी मोठ्या साहेबांना सांगितलं होतं, इथं नाली आहे म्हणून. सर म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे, कार्यक्रम झाला की काढून टाक. कार्यक्रम झाला. मी काढायचा आदेश मागितला, तो आलाच नाही. मग बैठकीत सरांनी सांगितलं, हिवरदरीची गळती शून्य झाली, टाळ्या वाजवा. सगळ्यांनी वाजवल्या. त्यानंतर मी काय म्हणणार होतो मॅडम? माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही."

"आणि आज? बबनरावांच्या बांधावरचा तो फोन?"

"सरांचाच होता. म्हणाले, बाईंना फिरवून आण, ओल आपोआप वाळेल."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. माझ्या मुलीएवढा असेल. पण खाली साठ घरं होती.

"तोंड कुठं आहे?"

"चुलीच्या दगडांखाली. तिथं मुरूम खचत होता, म्हणून पंगत बसवली नाही. ती जागा आचाऱ्याला दिली."

६

उन्हं कलताना खोदायला सुरुवात झाली. जेसीबी मी लांबच ठेवला. कुदळ, फावडी, आणि भीमराजच्या संस्थेचे दहा गडी. पहिलं फावडं अंकुरनं घेतलं. बबनराव बांधावर उभे होते. पाणी सुटलं की पहिल्यांदा त्यांचाच हरभरा बुडणार होता, आणि हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. थोड्या वेळानं ते खाली आले आणि काही न बोलता एका गड्याच्या हातातली कुदळ घेतली.

छातीइतकं खोल गेल्यावर दगड लागले. दगडांच्या फटीतून आधी हवा निघाली, मग पाणी. आणि मग असा लोंढा आला की गडी बाजूला फेकले गेले. लाल, गढूळ पाणी.

सगळे आनंदले. मी नाही.

"बाटली द्या," मी म्हणाले.

पाणी लाल होतं ते मुरमामुळे असेल तर ठीक. पण धरणाच्या पोटातली माती पाण्याबरोबर बाहेर येत असेल, तर धरण आतून पोखरलं गेलं आहे, आणि मग नाली उघडून काही उपयोग नव्हता. हे मी फक्त अंकुरला सांगितलं. त्यानं बाटली भरली, आम्ही ती उन्हात धरली. गढूळ. दुसरी भरली. तीही गढूळ. मानीबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना शाळेत बसवणं कोणाला जमलं नव्हतं.

"काय पाह्यता?"

"पाणी निवळतं का ते."

"नाई निवळलं तं?"

मी अंकुरच्या हातातून पुढची बाटली घेतली. अंकुर बाटल्या भरत राहिला, ओतत राहिला. खाली हरभऱ्याच्या रांगा एकेक करून पाण्याखाली जात होत्या. मग एका बाटलीतून मला समोरचा बांध दिसला. पुसट. पुढच्या बाटलीतून बबनरावांचा पांढरा सदरा दिसला. त्याच्या पुढच्या बाटलीतलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. आम्ही माथ्यावर जाऊन भेग पाहिली. ती वाढली नव्हती.

मी तिथंच गवतावर बसले आणि चक्क रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मोठे साहेब. हात चिखलाचे होते म्हणून मी स्पीकर लावला.

"मनवर मॅडम, नाली सापडली म्हणे. अभिनंदन. अहवालात असं लिहा की झाडोऱ्यामुळे नैसर्गिकरीत्या बुजली होती. त्या पोराचंही करिअर आहे, जरा समजून घ्या."

मी तोंड उघडणार, तोच अंकुरनं माझ्या हातातला फोन घेतला. शर्ट चिखलानं लडबडलेला, आवाज बसलेला.

"सर, अंकुर बोलतोय. झाडोरा नव्हता. मुरूम मी टाकला, आणि तुम्ही सांगितलंत म्हणून टाकला."

साहेब थंडपणे म्हणाले, "तू काय बोलतोयस ते कळतंय का तुला? कोणाकोणासमोर बोलतोयस?"

अंकुरनं मागे पाहिलं. बबनराव, भीमराज, दहा गडी, आणि शाळेतून एकेक करून परत आलेला अर्धा तांडा. मानीबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या.

"ज्यांची घरं खाली आहेत, त्यांच्यासमोर सर," तो म्हणाला.